गुलाबी पाण्याची बाटली किती दिवस?

सेलूच्या आमच्या मेडिकलवर क्लोरहेक्झिडिन असं म्हणून कुणी मागत नाही. "ताई, ते गुलाबी पाणी द्या," एवढंच. दाढ काढल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेली बाटली संपते, तोंड बरं वाटतं, आणि मग माणूस चिठ्ठीशिवाय तीच बाटली महिनोन्‌महिने नेत राहतो. मी विचारतेच, कशासाठी नेताय? किती दिवस झाले?

हे गुलाबी पाणी म्हणजे ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिन, चुळा भरायचं औषध आहे. ते दातांना आणि तोंडाच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं, हळूहळू सुटतं, म्हणून चूळ थुंकल्यावरही कितीतरी तास जंतूंना रोखून धरतं. हिरड्या सुजून रक्त येत असेल तेव्हा त्याचा गुण लवकर दिसतो. पण लांबवलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, भाजीची चव बिघडते, कीटणही वाढतं. त्यात आपल्याकडं चहा दिवसभर चालू, डाग आणखी गडद होतात. म्हणून साधारण दोन आठवडे, तेही दंतवैद्यानं सांगितलं तरच. ब्रश केल्याबरोबर घेऊ नका. पेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट त्याचा जोर मोडतं. मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

रोजच्यासाठी मी त्रिफळा सांगते. चमचाभर चूर्ण पेलाभर पाण्यात उकळायचं, गाळायचं, कोमट झालं की चुळा भरायच्या. सासूबाई हेच करतात. चव तुरट, पण तोंड स्वच्छ वाटतं. त्रिफळ्याच्या चुळांनी दातांवरचा थर कमी होतो, असं आपल्या देशातल्या काही चाचण्यांतही दिसलंय. मात्र बाटलीवर हिरवं पान छापलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका, मागचं बारीक अक्षर वाचा. तोंड कोरडं पडत असेल तर अल्कोहोल असलेली बाटली नकोच. लवंगेचं तेल निव्वळ लावलं तर हिरडी भाजते, ते झाडपाल्याचंच आहे ना! आणि ज्याला आपण केमिकल म्हणतो त्या काही माऊथवॉशमधलं थायमॉल मुळात आपल्या ओव्याच्या तेलात असतं.

जमलेलं कीटण मात्र कुठल्याच पाण्यानं निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दातांवर पडलेले डागही चुळांनी जात नाहीत.

माझा जीव खरा तुटतो तो मिशरी लावणाऱ्या मावश्यांसाठी आणि गुटख्याच्या पोरांसाठी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पोरं तोंडाला वास येतो म्हणून माऊथवॉश मागतात. मी आधी तोंड उघडायला लावते. तीन बोटं उभी आत जात नसतील, तिखट सोसत नसेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ती तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते, म्हणून मी बाटली देत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा पत्ता लिहून देते, आणि घरचं कुणी सोबत असेल तर त्यांनाही सांगते, याच आठवड्यात घेऊन जा.