तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या उभ्या घड्याळाचे किती येतील?

आठवड्याला एखादा तरी फोटो मोबाइलवर येतोच. कुणाच्या दिवाणखान्यातलं, कुणाच्या माळ्यावरचं, कुणी मंगळवार बाजारात पाहून ठेवलेलं घड्याळ. खाली प्रश्न ठरलेला: ‘सर, लिलावात याचे किती येतील?’ मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं जुनी घड्याळं उघडून पाहतो आहे, त्यामुळे सोलापुरातला हा प्रश्न फिरून माझ्याच दारी येतो. फोटोवरून मी कधीही आकडा सांगत नाही. आधी उलट विचारतो: चालतंय का? सलग महिनाभर चालवून पाहिलंत का? बहुतेकांनी तोवर चावीसुद्धा शोधलेली नसते.

काहींना हे टाळाटाळ केल्यासारखं वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आमच्या घरी मी हायस्कूलला जाईपर्यंत घड्याळ नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. पहिला भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुसऱ्याला वडिलांचा डबा बांधून तयार. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि भोंगेही थांबले. अख्ख्या गावाला वेळ सांगणारा आवाज गेला. मला टोल्यांच्या घड्याळांची ओढ लागली ती त्यानंतर.

1998 साली शहरातल्या एका वाड्यातलं सामान लिलावात निघालं. समया, तांब्याचे हंडे, शिसवी कपाट, आणि कोपऱ्यात सात फुटी उभं घड्याळ. ज्याला आता सगळे ग्रँडफादर क्लॉक म्हणतात ते. (हे नाव 1876 साली अमेरिकेत गाजलेल्या एका गाण्यामुळे रूढ झालं, घड्याळं त्याच्या दोनशे वर्षं आधीपासूनची.) एक वार, दोन वार, तीन वार झालं आणि ते माझं झालं. दोन महिन्यांचा पगार गेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘लंडन, सन 1700’. पांढऱ्या रंगवलेल्या लोखंडी तबकडीच्या चारही कोपऱ्यांत गुलाबाची फुलं होती. त्या फुलांवरच मी भाळलो होतो.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की अशा रंगवलेल्या तबकड्या बर्मिंगहॅमच्या ऑस्बोर्न आणि विल्सन या दोघांनी 1772 साली बाजारात आणल्या. त्याआधी तबकडी पितळेची असे. म्हणजे चिठ्ठीवरचं साल खोटं आहे हे ती तबकडी पहिल्या दिवसापासून सांगत होती, मलाच ते वाचता येत नव्हतं. मग वरचा टोप पुढे सरकवून काढला आणि यंत्र ज्या फळीवर बसतं ती फळी पाहिली. तिला जुन्या बोल्टांची जास्तीची भोकं होती. फळी ज्या दोन उभ्या बाजूंवर टेकते त्यांच्यावर नव्या लाकडाच्या पट्ट्या ठोकून उंची वाढवलेली. यंत्र एका घड्याळाचं, पेटी दुसऱ्याची. या धंद्यात अशा जोडीला ‘मॅरेज’ म्हणतात, आणि तिची किंमत मूळच्या अखंड घड्याळापेक्षा बरीच खाली जाते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तरीही ते चालू केलं. दर रविवारी सकाळी चावी द्यायची, सहा-सहा किलोची दोन वजनं वर चढवायची. गुरुवारपर्यंत घड्याळ उत्तम चालायचं आणि शुक्रवारी बंद पडायचं. पुन्हा लंबक हलवला की तासभर चाले, मग थांबे. चार शुक्रवार हेच झालं. घरातली मंडळी म्हणायला लागली, ‘शुक्रवारी ह्याचा उपास असतो.’ तेल बदललं, दोऱ्या पाहिल्या. उत्तर शेवटी दार उघडून समोर बसल्यावर मिळालं. वजनं रोज थोडी थोडी खाली येतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी लंबकाच्या गोळ्याच्या पातळीत पोचतात. तेव्हा टांगलेल्या वजनाची लांबी लंबकाएवढी होते, आणि पेटी जराशी जरी हलत असेल तर वजनही त्याच तालात झुलायला लागतं. लंबकाची ताकद ते वजन खाऊन टाकतं. अनुनाद! वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलेला धडा माझ्याच घरात घडत होता. पेटी दोन स्क्रूंनी भिंतीला घट्ट बसवली. त्यानंतर शुक्रवारी ते कधी थांबलं नाही.

म्हणून मी ‘चालतंय का’ विचारतो. बंद घड्याळ हे एक कपाट असतं. त्यातलं खरं-खोटं ते चालायला लागल्यावर दिसतं.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जिव्हाळ्याची आहे. ओळखीतल्या एका गृहस्थांचा मुलगा बरीच वर्षं इंग्लंडमध्ये होता. परत येताना तिथल्या लिलावात घेतलेलं उभं घड्याळ घरसामानाबरोबर घेऊन आला. विकणाऱ्याने छाती ठोकून सांगितलं होतं की आठवड्यात मिनिटाचाही फरक पडत नाही. लंबकाची लांबी जुळवायची गोळ्याखालची मेख (नट) जिथल्या तिथे राहावी म्हणून खूणही करून दिली होती. होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये उभं केलं, तर रोज दोन मिनिटं मागे पडू लागलं. ‘सर, फसवलं की हो आम्हाला,’ गृहस्थ म्हणाले. मला इतका आनंद झाला की त्यांना तो समजावून सांगताना माझी पुरती धांदल उडाली.

कुणीही फसवलं नव्हतं. लंबकाची गती त्याच्या लांबीवर आणि पृथ्वीच्या ओढीवर ठरते. पृथ्वी विषुववृत्ताशी किंचित फुगलेली आहे आणि फिरतेही आहे, त्यामुळे तिची ओढ लंडनपेक्षा सोलापुरात थोडी कमी. हिशोब केला तर लंडनला बरोबर लावलेला, सेकंदाला एक ठोका देणारा लंबक इथे दिवसाला सुमारे दोन मिनिटं मागे पडायलाच हवा. 1672 साली जाँ रिशेर हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला तेव्हा पॅरिसहून नेलेलं त्याचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडलं होतं. पृथ्वी पुरती गोल नाही याचा तो पहिल्या पुराव्यांपैकी एक. तोच पुरावा इथे होटगी रोडला तिसऱ्या मजल्यावर टिकटिकत होता! गोळ्याखालची मेख फिरवून लंबक तीन मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी आखूड केला. घड्याळ बरोबर चालू लागलं.

आपला उन्हाळाही त्याला कळतो. लंबकाची दांडी पोलादी असेल तर दर अंशाला दिवसाचा अर्धा सेकंद जातो. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या पहाटेला वीस अंशांच्या आत असलेली खोली मे महिन्यात चाळिशीला गेली की दिवसाला दहा सेकंदांहून जास्त मागे. लाकडी दांडीला हा त्रास फार कमी.

आणि पेटी एवढी उंच का, हेही मुलं विचारतात. शोभेसाठी नाही. हायगेन्सने 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ केलं. पुढे 1670 च्या सुमारास जहाजाच्या नांगराच्या आकाराचा, दातेरी चाक ठोक्याठोक्याला अडकवून सोडणारा तुकडा आला, त्यामुळे लंबक लहान झोक्यात झुलू लागला आणि लांब करता आला. सेकंदाला एक ठोका द्यायचा तर लांबी साधारण 99 सेंटिमीटर लागते. तो लंबक आणि उतरणारी वजनं मावायची म्हणून ही पेटी.

आता पैशांचं. ही घड्याळं इंग्लंडमध्येच पंचवीस वर्षांपूर्वीपेक्षा स्वस्त झाली आहेत. घरं लहान, छतं खाली, तरुणांना गडद लाकडी सामान नको. टॉम्पियनसारख्या थोर कारागिराचं असेल तर गोष्ट निराळी, पण तसं घड्याळ तुमच्या माळ्यावर नसणार. तबकडीवरचं नाव अनेकदा विकणाऱ्या दुकानदाराचं असतं, त्यावर भाळू नका. चावीची दोन भोकं असतील तर बहुधा एका चावीवर आठ दिवस चालणारं. भोकंच नसतील, आत साखळी किंवा दोरी ओढायची असेल तर तीस तासांचं, आणि ते स्वस्त. काही तीस तासांच्या तबकड्यांवर शेजाऱ्याला दिसावं म्हणून नुसती भोकं रंगवलेली असायची, तेवढं बोट लावून बघा.

घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की हातोडा पडला ती रक्कम शेवटची नसते. त्यावर लिलाव करणाऱ्यांची वीस-पंचवीस टक्के फी, वर कर, मग गाडी आणि हमाल. लाखाची बोली दीड लाखाच्या जवळ जाते. वस्तू ‘आहे तशी’ विकली जाते, म्हणून पाहणीच्या दिवशी जा, टॉर्च न्या आणि टोप काढून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर न घेता घरी परत या. विकणाऱ्यांना एवढंच सांगतो की 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरची ऐतिहासिक मोलाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाचं स्वप्न सोडा.  

दीड महिन्यापूर्वी शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलीने फोटो पाठवला. तिच्या पणजोबांनी गिरणीच्या एका साहेबाचं सामान विकलं गेलं तेव्हा घेतलेलं घड्याळ. ‘सर, घर बांधायचंय, काढून टाकू म्हणालेत घरचे. किती येतील?’ मी पाहायला गेलो. खाली यंत्रमाग, वर घर. घड्याळ खालीच, मागांच्या भिंतीला लावलेलं. तेलात सुताचे तंतू बसून काळी लेई झालेली, आणि मागांच्या धडधडीने लंबक दर थोड्या वेळाने बिचकायचा. पण फळी मूळची होती, एकही जास्तीचं भोक नाही. मला तिथेच तिला सांगावंसं वाटत होतं, तरी थांबलो. घड्याळ वर नेलं, आतल्या भिंतीला बसवलं, यंत्र साफ केलं, दोऱ्या नव्या घातल्या. तिला एक वही दिली. रोज रात्री नऊला मोबाइलशी ताडून फरक लिहायचा.

काल तिचा मेसेज आला. पाच आठवड्यांच्या नोंदींचा फोटो, आणि खाली, ‘पाचवा शुक्रवार पण गेला सर, थांबलं नाही.’ दिवसाला सात सेकंद मागे पडतंय, मेख अगदी किंचित वर घ्यायला सांगितलं. किमतीचं तिने यावेळी विचारलेलं नाही. विचारलं तर आता मला सांगता येईल.