पोसितोसच्या गल्लीतला गोल

उरुग्वेला कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. नवऱ्याने तर विमानात बसल्यावरही विचारलं. मी कोल्हापूरची; शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची फुटबॉल मॅच पाहत वाढलेल्या बाईला १९३० चं, पहिल्या वर्ल्ड कपचं माँटेव्हिडिओ बघायचं असतं, एवढंच.

पहिले दोन दिवस जेट लॅगमध्ये आणि शाकाहारी जेवण शोधण्यात गेले. इथले लोक गोमांसावर जगतात. हॉटेलवाल्याने तर 'शाकाहारी' म्हणून चिकन आणून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी माँटेव्हिडिओच्या पोसितोस भागात गेलो. १३ जुलै १९३० ला पहिल्या वर्ल्ड कपचा फ्रान्स-मेक्सिको सामना इथे, पेन्यारोल क्लबच्या छोट्या मैदानात झाला, कारण सेंटेनारिओ स्टेडियमचं बांधकाम तोवर उरकलं नव्हतं. १९ व्या मिनिटाला फ्रान्सच्या लुसिएन लोराँने गोल मारला. वर्ल्ड कपमधला पहिलावहिला! जवळपास दोन आठवडे बोटीतून आलेला हा गडी घरी प्यूजोच्या मोटार कारखान्यात कामाला होता.

मैदान केव्हाच पाडलंय. आता तिथे साधी राहती गल्ली, चार-पाच मजली इमारती, आणि त्या जागेची खूण म्हणून एक शिल्प. शेजारी कोणीतरी गाडी अशी लावलेली की फोटोत निम्मा बंपरच यावा. मी जाम वैतागले. एवढ्या मोठ्या गोष्टीची ही कदर?

तेवढ्यात एक आजोबा आले. बगलेत थर्मास, हातात माटेचा (इथला पानांचा चहा) भोपळ्याचा पेला. इंग्रजीचा गंध नाही, पण आम्ही कशासाठी आलोय ते त्यांनी बरोबर ओळखलं. थर्मास गाडीच्या टपावर ठेवला, नवऱ्याला दंडाला धरून फुटपाथवर उभं केलं (हा गोलकीपर), मला मागे सारलं आणि गुडघेदुखी विसरून लोराँची किक मारून दाखवली. वरच्या गॅलरीतल्या बाईने टाळ्या वाजवल्या. नवरा चक्क डावीकडे झेपावला! मग माटेचा पेला आमच्याकडे. कडू जहर, आणि सगळ्यांना एकच नळी. प्यायले.

सेंटेनारिओचं म्युझियम चांगलं आहे, पण त्यानंतर फिकं वाटलं. तिथे मी एकट्या एक्तोर कास्त्रोसाठी रेंगाळले. लहानपणी करवतीत एक हात गमावलेला हा उरुग्वेचा खेळाडू. या स्टेडियमवरचा पहिला गोल त्याचा आणि ३० जुलैच्या उरुग्वे-अर्जेंटिना फायनलमधला शेवटचाही.

मग बोटीने ब्युनोस आयर्स. तिकीट महाग, खिडकीची सीट मिळाली नाही. टॅक्सीवाल्याला सहज म्हटलं, माँटेव्हिडिओहून आलोय, फायनलचं स्टेडियम पाहिलं. त्याने आरशातून पाहिलं. "पहिला हाफ आमच्या चेंडूने खेळले. २-१ ने आम्ही पुढे होतो. दुसऱ्या हाफला त्यांचा चेंडू आणला." उरुग्वे ४-२ ने जिंकलं, हा निकाल त्याने शेवटपर्यंत तोंडातून काढला नाही.