मग वाडा कुठंय?

गेली अकरा वर्षे मी पुण्यात पर्यटकांना शहर दाखवण्याचे काम करते. मागच्या डिसेंबरातल्या एका रविवारी नांदेडहून आलेल्या एका कुटुंबाबरोबर मी जो दिवस घालवला, त्यानंतर शनिवारवाड्यासमोर उभे राहून बोलण्याची माझी पद्धत बदलली. कुटुंबात पाच जण होते: आई-वडील, आजी, सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. वडिलांनी आदल्या रात्रीच फोनवर नऊ ठिकाणांची यादी सांगितली होती. तीत शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत सगळे तर होतेच, शिवाय शहराच्या दुसऱ्या टोकाचा आगाखान पॅलेसही होता. लहान मुलांना घेऊन एका दिवसात एवढे होत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही मी होकार दिला. दुरून आलेल्या माणसाला नाही म्हणणे मला जड जाते, आणि त्या दिवसाची ती पहिली चूक माझी होती.

ते शिवाजीनगरला उतरले होते, म्हणून सकाळी साडेआठला आम्ही दोन रिक्षांनी निघालो. पूल लागला तेव्हा मी सवयीने म्हणाले, ‘‘हा नवा पूल.’’ शेजारी बसलेल्या मुलाने कठड्याचे काळवंडलेले दगड पाहिले आणि विचारले, ‘‘मावशी, हा तर जुना आहे. नवा कुठंय?’’ तो १९२३ मध्ये बांधून झाला, तेव्हा नवा होता, लोकांच्या तोंडी तेच नाव राहिले, असे मी सांगितले. त्याने ते ऐकून घेतले, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

दिल्ली दरवाजाशी मात्र तो रमला. दारावरचे लांब अणकुचीदार खिळे इतक्या उंचावर का, असे त्याने विचारले. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, धडक द्यायला आलेल्या हत्तीने मागे सरावे म्हणून, असे मी सांगितले. मग ‘‘आणि माणसं कुठून यायची?’’ म्हणून त्याने दिंडी, म्हणजे मोठ्या दारातला छोटा दरवाजा, शोधून काढली आणि तिच्या चौकटीशी उभे राहून स्वतःची उंची मोजली. मोठ्या माणसाला तिथून वाकूनच जावे लागते, शत्रू आला तर त्याची मान आधी आत येते. ‘‘मला वाकायला नाही लागत,’’ हे त्याने आजीला दोनदा सांगितले.

आत गेल्यावर तो थांबला. समोर हिरवळ, पायवाटा आणि गुडघाभर उंचीची दगडी जोती. तो चारी बाजूंना पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘मग वाडा कुठंय?’’

या जागेवर माझे भाषण ठरलेले आहे. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी पाया घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, दोन्ही दिवस शनिवार, म्हणून शनिवारवाडा. हे सगळे मी त्या मुलाला सांगितले आणि त्याच्या प्रश्नाला त्यातल्या एकाही तारखेने उत्तर मिळत नाही हे बोलता बोलताच माझ्या लक्षात आले. त्याला वाडा कधी बांधला हे नको होते, तो गेला कुठे हे हवे होते. मी त्याला जवळच्या जोत्याशी नेले. वाड्याचा खालचा भाग दगडाचा आणि वरचे मजले सागवानाचे होते, १८२८ मध्ये मोठी आग लागली, तेव्हा लाकूड जळून गेले आणि दगड राहिले, म्हणून आपल्याला आता खोल्यांचे फक्त पाय दिसतात, असे सांगितले. मग ते दोघे भावंडे जोत्यांच्या कडेने चालत खोल्या मोजू लागली. धाकटीने एका चौकोनात बसून ‘‘हे आमचं स्वयंपाकघर’’ असे जाहीर केले आणि आजीला आत बोलावले. आजी खरोखर उंबरठा ओलांडावा तसा पाय उचलून आत गेल्या.

मुले पुढे असताना वडील मला हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, ते पौर्णिमेच्या रात्रीचं सांगा ना, ‘काका, मला वाचवा’ वालं.’’ मी नको म्हटले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच आवारात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मोठ्यांना मी ती हकिकत सविस्तर सांगते. सात वर्षांच्या मुलाला मजा म्हणून भुताची करून सांगणे मला योग्य वाटत नाही, आणि हे मी वडिलांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते मान्य केले.

हजारी कारंज्यापाशी अर्धा तास गेला. सोळा पाकळ्यांच्या कमळाचे ते दगडी कारंजे कोरडे होते, त्यामुळे प्रश्न ठरलेलाच होता: पाणी कुठंय? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या बांधीव नळातून सुमारे दहा किलोमीटरवरचे पाणी शहरात आणले होते. वाटेतल्या हौदांवर लोक ते भरत आणि वाड्यातही ते येई. पंप नसताना पाणी वर कसे उडायचे, असे त्याच्या आईने विचारले, आणि मला आनंद झाला, कारण तोवर त्या घड्याळाकडेच पाहत होत्या. कात्रज उंचावर आहे, आणि बंद नळातून आलेले पाणी ज्या उंचीवरून निघाले तिकडे पुन्हा चढायला पाहते, एवढेच त्यामागचे कारण. मुलाने वाकून कारंज्याच्या मधल्या छिद्राला कान लावला.

लाल महालापाशी त्याने ‘‘हा खरा आहे का?’’ असे आधीच विचारून घेतले. शहाजीराजांनी बांधलेला मूळ महाल राहिलेला नाही, ही वास्तू महापालिकेने १९८८ मध्ये उभी केली, असे मी त्याला सरळ सांगितले. कसबा गणपतीचे दर्शन घेतले, दगडूशेठचे रस्त्यावरूनच, कारण रांग लांब होती. साडेअकराला धाकटी रडायला लागली. एका ओट्यावर बसून आजींनी डबा उघडला, तिला दहीभात भरवला, आणि मी वडिलांची यादी मागून घेऊन तीत पाच ठिकाणांवर काट मारली. ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणाल तसं.’’

राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी नेहमी पुढे चालते. त्या दिवशी पहिल्या अर्ध्या तासातच मी मागे पडले, कारण आजी पुढे गेल्या होत्या. पितळी दिवे, अडकित्ते, शेवयांचे साचे, पाय घासायच्या वज्री, या वस्तूंसमोर मी काळ आणि धातू सांगते. आजी त्या कशा धरायच्या ते सांगत होत्या. ‘‘लेकरा, हा दिवा भिंतीला नाही, साखळीला टांगायचा. आमच्या माहेरी देवघरात होता, तेल घालायचं काम माझं.’’ हवेतच अडकित्ता धरून त्यांनी सुपारी कातरून दाखवली. दोन अनोळखी कुटुंबे आमच्या मागे येऊन ऐकू लागली. मी बोलणे थांबवले.

बाहेर पडताना मुलाने पाटीवरचे अक्षर न् अक्षर लावून नाव वाचले आणि विचारले, ‘‘यातला राजा कोण? तो कुठंय?’’ दिनकर केळकरांनी हा संग्रह १९२०च्या सुमारास सुरू केला आणि आयुष्यभर वाढवत नेला. त्यांचा मुलगा राजा सातव्या वर्षी गेला, त्याचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. बरोबर लहान मुले असली की मी हे टाळत आले आहे. पण सकाळपासून ज्याला मी खरे सांगत आले होते, त्याच्याशी इथे खोटे बोलवेना. ‘‘राजा त्यांचा मुलगा होता. तो लहानपणीच वारला,’’ मी म्हणाले. ‘‘केवढा होता?’’ ‘‘सात वर्षांचा.’’ ‘‘म्हणजे माझ्याएवढा.’’ आईने त्याचा हात धरला. आजी म्हणाल्या, ‘‘त्याच्या बाबांनी त्याचं नाव एवढ्या मोठ्या घराला दिलं बघ. येईल तो माणूस आधी त्याचं नाव वाचतो.’’ मुलगा परत वळला आणि पाटी पुन्हा एकदा, मोठ्याने, वाचून आला.

मंडईत त्याला प्रश्न पडला नाही. १८८६ची अष्टकोनी इमारत जागेवर होती, आत भाजी होती, आणि बोरे घेऊन आम्ही मेट्रोच्या सरकत्या जिन्याने जमिनीखाली गेलो. स्वारगेटपर्यंतचा तो छोटा प्रवास मुलांना पुण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटली असावी.

सारसबागेत पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. मी ‘तळ्यातला गणपती’ म्हणताच दोन्ही भावंडांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना हिरवळीच्या मध्यावर नेले. नानासाहेबांच्या काळात आंबील ओढ्याचे पाणी अडवून इथे मोठे तळे केले होते, मध्ये बेट राखले होते, त्यावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपती बसवला. तेव्हा दर्शनाला होडीतून जावे लागे. पुढे तळे गेले आणि त्या जागी बाग झाली. ‘‘म्हणजे आपण आत्ता उभे आहोत ते तळ्याच्या तळाशी. पाणी आपल्या डोक्यावरून होतं.’’

मुलाने वर पाहिले. मग तो पोटावर आडवा झाला आणि हातपाय मारू लागला. धाकटी त्याच्या शेजारी आडवी झाली. आई-वडील बाकावर बसून बोरे खात होते. आजींनी पदर खोचला, काठावरून हाक मारावी तशा त्या लांबूनच ओरडल्या, ‘‘फार आत जाऊ नका रे, तिकडं खोल आहे,’’ आणि मग पर्समधला रुमाल काढून, तो उघडून हातात धरून, अंग पुसायला तयार उभ्या राहिल्या.