आमची वाटचाल : रबाळ्याचा गाळा आणि ऑलिव्हची शेपटी

रबाळे एमआयडीसीतला आमचा गाळा सुरू झाला तो साबण आणि अत्तरवाल्यांना लागणारी एस्टर बनवायला. आम्ल आणि अल्कोहोल जोडायचं, सुटणारं पाणी काढायचं, डिस्टिलेशन करून ड्रम भरायचे. धंदा बरा होता, पण भाव कुणी ना कुणी पाडतच असे. शेजारच्या गाळ्यात उद्या बनणार नाही असं काहीतरी हवं होतं.

ते मिळालं एका क्रीमवाल्या गिऱ्हाइकाच्या कुरकुरीतून. बदाम तेलाच्या क्रीमला खवट वास यायचा आणि टीबीएचक्यू (तेल खवट होऊ न देणारं कृत्रिम रसायन) नको, "नॅचरल द्या" हा हेका. आम्ही हायड्रॉक्सीटायरोसॉल मागवलं, तेल खवट होऊ न देणारं ऑलिव्हमधलं द्रव्य. ऑलिव्हच्या पानात आणि फळात ओल्युरोपिन नावाचं कडू द्रव्य असतं, ते फुटलं की हे निघतं. घाण्यात तेलासोबत त्यातलं फार थोडं येतं, बहुतेक पाण्यात आणि चोथ्यात जातं. तरी त्या थोडक्याचाही मान मोठा : युरोपियन युनियनच्या 2012 च्या नियमाप्रमाणे 20 ग्रॅम तेलात हे आणि याची संयुगं मिळून किमान 5 मिलिग्रॅम असतील, तरच रक्तातल्या स्निग्धांश-संरक्षणाचा दावा बाटलीवर छापता येतो.

अडचण अशी, की हे द्रव्य पाण्यात रमतं. नुसत्या तेलात ते चांगलं काम करतं. क्रीममध्ये मात्र तेलाचे थेंब पाण्यात तरंगतात आणि आमचं औषध पाण्यातच बसून राहतं. मग त्याला स्निग्ध आम्लाची शेपटी जोडायची. एस्टर म्हणजे आमचा हातखंडा, पण इथे जपून. रेणूच्या रिंगवर शेजारीशेजारी असलेले दोन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट हेच त्याचं खवटपणाविरुद्धचं शस्त्र. ते झाकले गेले तर सगळं मुसळ केरात. त्याचा ऑलिव्हमधलाच भाऊबंद टायरोसॉल, त्याच्या रिंगवर असा एकच गट असतो, म्हणून तो बिचारा मवाळ. नेहमीचं आम्ल-कॅटॅलिस्ट बाजूला ठेवून आम्ही लायपेज एन्झाइम वापरतो. ते बाजूच्या साखळीच्या टोकाला असलेल्या अल्कोहोललाच पकडतं. शिवाय लोखंड वर्ज्य : अंश जरी लागला तरी माल काळवंडतो. त्यासाठी ग्लास-लाइन्ड रिअॅक्टर घेतला, आणि हप्ते फेडताना जीव मेटाकुटीला आला.

शेपटी किती लांब, यावर गिऱ्हाइकांशी आमचं अजून वाजतं. "अठरा कार्बनची द्या, जास्त तेलकट म्हणजे जास्त चांगलं!" तसं नसतं. अशा मिश्रणात आठ-बारा कार्बनच्या आसपास असर चढतो आणि पुढे उतरतो. फार लांब शेपटीचे रेणू तेल-पाण्याच्या सीमेवर थांबत नाहीत. थेंबाच्या पोटात शिरतात किंवा आपापसांत गुच्छ करून बसतात. आमचा खपणारा माल आठ कार्बनचा आहे.

डीपीपीएच या रंगबदलाच्या चाचणीचे आकडे दाखवून माल विकणारे पुष्कळ आहेत. जांभळं द्रावण पिवळं पडतं, बघायला छान. पण ती चाचणी बहुधा मेथॅनॉलमध्ये होते, आणि मेथॅनॉल म्हणजे क्रीम नव्हे. शेपटी लावली तरी तिथला आकडा फारसा हलत नाही, कारण ओएच तेच. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाचंच क्रीम मागवतो, अर्ध्यात माल घालतो, अर्धं कोरं ठेवतो, दोन्ही ओव्हनमध्ये ठेवून पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती खवटायला लागलंय त्याचं माप, काढतो. फरक दिसला तरच ऑर्डर घेतो.

आणि "नॅचरल"? कच्चा माल ऑलिव्हचा, शेपटी आम्ही जोडलेली; लेबलवर तसंच लिहा, असं सांगतो. काही गिऱ्हाइकं त्यावरून तुटली. खाद्यपदार्थांसाठी हा माल आम्ही देत नाही, फरसाणवाल्यांनी कृपया फोन करू नये.