फायनलची रात्र आणि मधले तिघं

सोमवार, १९ डिसेंबर २०२२

झोपायला साडेतीन वाजले आणि सातला जाग आली तेव्हा पण डोक्यात कालची अर्जेंटिना-फ्रान्स वर्ल्ड कप फायनल चालूच होती, म्हणून चहा घेऊन आधी हे लिहायला बसलोय, नाहीतर दिवसभर कामात लक्ष लागणार नाही. घसा पूर्ण बसलाय. बाहेर गल्लीत फटाक्यांचा कचरा तसाच पडलाय आणि समोरच्या खांबावर अर्जेंटिनाचा निळापांढरा झेंडा अजून फडफडतोय. शेजारचा ब्राझीलचा झेंडा मात्र ९ तारखेला क्रोएशियानं पेनल्टीवर घालवलं त्या रात्रीच उतरवला होता.

काल साडेआठला मॅच सुरू झाली. तालमीच्या चौकात पडदा लावला होता, शंभरेक माणसं तरी होती, थंडी होती पण कुणाला जाणवली नाही. आमच्या कोल्हापुरात वर्ल्ड कप म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस या टीमच्या मॅच शाहू स्टेडियमवर बघत जी पोरं वाढली त्यांना फुटबॉल टीव्हीवरनं शिकायला लागत नाही, घरातच कुणीतरी खेळलेलं असतं. काका, मामा, नाहीतर आजोबा. अर्जेंटिनाच्या मधल्या फळीतल्या मॅक अॅलिस्टरचा बाप पण अर्जेंटिनाकडून खेळलेला आहे हे कळलं तेव्हापासून मला तो पोरगा आपल्यातलाच वाटतो.

तर मॅच. पहिला हाफ मी आयुष्यात विसरणार नाही. २३व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, ३६व्या मिनिटाला डी मारिया. दुसरा गोल झाला तेव्हा मी ओरडलोच नाही, तसाच उभारलो, कारण एवढा सुंदर गोल वर्ल्ड कप फायनलमध्ये होतो आणि तो आपण लाइव्ह बघतोय हे आत उतरायलाच वेळ लागला. मेस्सीनं एका टचमध्ये अल्वारेझला दिला, अल्वारेझनं पुढं पळणाऱ्या मॅक अॅलिस्टरला, आणि मॅक अॅलिस्टर स्वतः मारू शकत होता तरी त्यानं डावीकडं डी मारियाला आडवा दिला. मला सगळ्यात भारी वाटतो तो मॅक अॅलिस्टरचा तिथंपर्यंतचा पळ. मिडफील्डर माणूस, बॉल आपल्याकडं येईलच याची खात्री नाही, तरी पूर्ण ताकदीनं पुढं निघाला.

फ्रान्सचा त्या हाफमध्ये गोलवर एकही शॉट नव्हता. एकही नाही! गेल्या वेळचे चॅम्पियन, आणि ४१व्या मिनिटालाच त्यांच्या कोचनं, देशाँनं, जिरू आणि डेंबेले दोघांना एकदम बाहेर काढलं. हाफटाइमला चौकात हलगी सुरू झाली होती. आमचे काका तेवढे गप्प होते. (सख्खे नाहीत, गल्लीतले, पण लहानपणापासून काकाच म्हणतो. तरुणपणी तालमीकडून सेंटर हाफ खेळायचे, मला बॉल थांबवायला त्यांनीच शिकवलं.) मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "नेदरलँडला पण दोनच होते रे." (क्वार्टर फायनलला २-० पुढं असताना नेदरलँडनं शेवटी २-२ केलं होतं.)

आणि तेच झालं की. ८०व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेची पेनल्टी, ८१व्याला त्याचाच दुसरा, दीड मिनिटात दोन गोल. चौकात एवढी शांतता झाली की पडद्यामागच्या जनरेटरचा आवाज ऐकू यायला लागला. पुढचं सगळ्यांना माहितीय. १०८व्या मिनिटाला रिबाउंडवर मेस्सी, ११८व्याला परत एम्बापेची पेनल्टी, ३-३, आणि एक्स्ट्रा टाइमच्या पण इंज्युरी टाइममध्ये फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा आपल्या गोलकीपर मार्टिनेझसमोर. मार्टिनेझनं डावा पाय लांबवला. त्या एका सेकंदात माझ्या शेजारच्यानं माझा दंड एवढा जोरात धरला की आज तिथं निळं पडलंय. शूटआउट काकांनी बघितलंच नाही, पाठ फिरवून उभारले होते, आम्ही ओरडलो की फक्त विचारायचे, "कुणाची?" ४-२. मोंटिएलची शेवटची गेली आणि मग काय, बायका, म्हातारी माणसं, सगळी रस्त्यावर.

पण लिहायला बसलो ते या सगळ्यासाठी नाही. बारानंतर गर्दी पांगली आणि आम्ही सहा-सात जण कट्ट्यावर राहिलो, तिथं जो वाद झाला त्यासाठी बसलोय.

वाद सुरू केला आमच्या ब्राझीलवाल्यानं. तो म्हणाला, "भावा, कप तुमचा, पण मॅच एम्बापेची. फायनलला तीन गोल हाणलेत पोरानं." बरोबर आहे, १९६६च्या जेफ हर्स्टनंतर पुरुषांच्या फायनलला हॅट्ट्रिक कुणीच केली नव्हती. मी पण मानतो. पण मग मेस्सीवाले उठले आणि अर्धा तास मेस्सी की एम्बापे एवढंच चाललं, आणि मला ते ऐकून वाईट वाटायला लागलं. अर्जेंटिनाचा मिडफील्डर एन्झो फर्नांडिस १२० मिनिटं मैदानावर होता आणि त्याचं नाव कट्ट्यावर एकदा पण कुणी घेतलं नाही. २१ वर्षांचं पोरगं. स्पर्धेतला बेस्ट यंग प्लेयर म्हणून काल अवॉर्ड मिळालं त्याला. सौदीविरुद्ध तो सुरुवातीच्या अकरात पण नव्हता!

मी म्हटलं, जरा २२ नोव्हेंबरला जा परत. सौदीनं २-१ हरवलं, ३६ मॅच न हरलेली टीम पहिल्याच मॅचला हरली. त्या दिवशी मधे कोण होतं? पारेदेस आणि डी पॉल, आणि डावीकडं पापू गोमेझ. मेक्सिकोला गीडो रॉड्रिगेझ आणला, मॅक अॅलिस्टर आणला, एन्झो सब म्हणून येऊन ८७व्या मिनिटाला तो कोपऱ्यातला गोल करून गेला. पोलंडपासून एन्झो, डी पॉल, मॅक अॅलिस्टर असे तिघं जमले आणि तिथून ही टीम वेगळीच झाली. मेस्सी तर सौदीविरुद्ध पण होता ना, त्यानं गोल पण मारला होता. मग बदललं काय? मधले बदलले. अर्जेंटिनाचा कोच स्कालोनी, त्यानं पहिली मॅच हरल्यावर स्पर्धा चालू असताना मिडफील्ड नव्यानं बांधलं, याला केवढी छाती लागते.

यावर धाकटा भाऊ उसळला. "मग त्याच स्कालोनीनं ६४व्या मिनिटाला डी मारियाला का काढलं? तिथंच मॅच गेली हातातनं." हे काल कट्ट्यावर बहुतेकांचं मत होतं आणि त्यात तथ्य आहे. डी मारिया पोलंडनंतर पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळला, डाव्या विंगवर आला आणि फ्रान्सची ती बाजू दोन्ही गोलात फाटली. पेनल्टी त्यानंच मिळवली. तो होता तोवर त्या बाजूच्या फ्रान्सच्या बॅकला, कुंडेला, पुढं यायची हिंमत होत नव्हती. त्याच्या जागी अकुन्या आला आणि ती भीती गेली.

पण मला रात्रीपासून वाटतंय की खरी कळ देशाँनं फिरवली, ७१व्या मिनिटाला. त्यानं ग्रीझमनला बाहेर काढलं. आता हे ऐकायला उलटं वाटतं, कारण पोग्बा आणि कांटे दोघं दुखापतीनं घरी असताना ग्रीझमनला मधे आणूनच तर फ्रान्स फायनलपर्यंत आलं होतं, त्यांचा अख्खा खेळ त्याच्या पायातून जायचा. आणि अर्जेंटिनानं ७० मिनिटं नेमकं काय केलं होतं? ग्रीझमनची कोंडी. बॉल घेऊन वळायला त्याला जागाच मिळत नव्हती, एन्झो मागं, डी पॉल एका बाजूनं, मॅक अॅलिस्टर दुसऱ्या. तिघांचं सगळं काम त्या एका माणसाभोवती लावलेलं. आणि तोच माणूस बाहेर गेला! कोमान आला, कामाविंगा लेफ्ट बॅकला आला, पुढं चार जण नुसते पळणारे. मधून खेळायचंच नाही असं ठरवलं फ्रान्सनं, बॉल मिळाला की डोक्यावरनं पुढं. ज्याला धरायचं तोच नाही म्हटल्यावर आपले तिघं मधल्या मधे राहिले आणि बॉल त्यांना ओलांडून जायला लागला. दुसरा गोल आठवा, कोमाननं मेस्सीकडून बॉल काढला, राबियोनं लगेच पुढं उचलून दिला, एम्बापे आणि तुरामची दोन टचची देवाणघेवाण, व्हॉली. आपलं मिडफील्ड त्यात कुठंच नाही.

हे मी सगळं कट्ट्यावर विटकरीच्या तुकड्यानं रेघा मारून सांगितलं. दोघा-तिघांना पटलं. ब्राझीलवाला म्हणाला, "लगा, हे बरोबर वाटतंय." मला खरंच आनंद झाला, इतकी वर्षं एकमेकांच्या टीमवरनं भांडतोय, आणि रात्री दीडला तो वाकून माझ्या रेघा बघत होता.

काका मात्र नाही म्हणाले. ते एवढा वेळ गप्प बसलेले, मग रेघांवर बोट ठेवून म्हणाले, "हे सगळं खरं बाळा, पण तू पाय विसरलास. डी पॉलचे पाय ७० मिनिटाला संपले होते. ग्रीझमन राहिला असता तरी त्यानं धरला नसता." आणि मग त्यांनी सांगितलं की हाफ, म्हणजे मधल्या फळीत खेळणाऱ्याचं दमणं लांबून दिसत नाही. फॉरवर्ड दमला की उभारतो, ते सगळ्यांना कळतं. हाफ दमला की तो पळतोच, फक्त अर्धं पाऊल उशिरा पोचतो, आणि त्या अर्ध्या पावलात समोरच्याला मान वर करून बघायला वेळ मिळतो. त्यांच्या मते चूक एवढीच की डी मारियाच्या जागी अकुन्या आणला तेव्हाच मधे पण एक ताजा माणूस हवा होता, पारेदेस डी पॉलच्या जागी १०२व्या मिनिटाला आला, तो जवळजवळ चाळीस मिनिटं आधी यायला पाहिजे होता.

मी भांडलो. म्हटलं काका, डी पॉल बाहेर जाईपर्यंत भिडत होता. ते म्हणाले, "भिडत होता म्हणूनच तर सांगतोय. बॉल हाताशी असला की भिडावं लागत नाही."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून पण नाही. मी स्वतः सहा नंबरवर, म्हणजे मधे बचावाच्या जरा पुढं खेळतो, मला ते अर्धं पाऊल माहितीय. स्टेडियमवर ८०व्या मिनिटानंतर ते किती वेळा गेलंय माझं, आणि प्रेक्षकात कुणाला कळत नाही, फक्त आपल्याला आणि आपल्या मागच्या स्टॉपरला कळतं. आमच्याकडं लहान पोरांना विचारा, सगळ्यांना दहा नंबर पाहिजे, नाहीतर अनिकेत जाधवसारखं पुढं खेळायचंय. आपल्या गावातलं पोरगं २०१७ला अंडर सेव्हंटीन वर्ल्ड कपला भारताकडून फॉरवर्ड खेळलं म्हटल्यावर पोरांनी ते स्वप्न बघायलाच पाहिजे. पण काल रात्री त्या चौकात पुढं मांडी घालून बसलेल्या पन्नास पोरांपैकी एकाला जरी वाटलं असेल की आपण त्या २४ नंबरच्या एन्झोसारखं खेळावं, तरी मला लय बरं वाटेल.

काकांचा आत्ताच फोन येऊन गेला. त्यांना पण झोप नाही. म्हणाले रात्री जेवून ये, टीव्हीवर परत लावू, ६४व्या मिनिटापासून, आणि बॉलकडं अजिबात बघायचं नाही, फक्त सात नंबरच्या डी पॉलकडं बघायचं, आवाज बंद करून. मी वही घेऊन जाणार आहे. कितव्या मिनिटाला उशीर व्हायला लागतो ते लिहून काढायचंय, आणि तो ७१च्या आधी असला तर काकांचं खरं मानायचं असं ठरलंय.