टेपमध्ये जे नव्हतं

"ताई, ही फसवणूक आहे. आधीच्या पुस्तकात असं नव्हतंच. लेखिकेने मागाहून बदललंय."

सत्र सुरू व्हायला दहा मिनिटं होती, खुर्च्या अजून गोलात लागायच्या होत्या. पंधरा वर्षांच्या त्या मुलीने 'हंगर गेम्स' मालिकेतली पूर्वकथा 'सनराइज ऑन द रीपिंग' टेबलावर ठेवली तेव्हा पुस्तकातून किमान तीसेक स्टिकी नोट्स बाहेर डोकावत होत्या. इतक्या बारकाईने वाचून रागावलेला वाचक ग्रंथालयातल्या किशोर वाचनगटाला क्वचित मिळतो. त्या दिवशीची माझी ठरवलेली चर्चा मी तिथेच बाजूला ठेवली.

पुढच्या मजकुरात या मालिकेतले शेवट उघड होतात. ज्यांना पुस्तकं वाचायची आहेत त्यांनी आधी ती वाचावीत.

तिचा आरोप नीट मांडायला हवा. सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी २००८ मध्ये आली, 'कॅचिंग फायर' २००९ मध्ये आणि 'मॉकिंगजे' २०१० मध्ये. या काल्पनिक जगात कॅपिटॉल ही सत्ताधारी राजधानी दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे अंकित प्रांतातून, मुलं चिठ्ठ्या काढून उचलते, रिंगणात एकमेकांना मारायला लावते आणि तो खेळ टीव्हीवर दाखवते. 'कॅचिंग फायर'मध्ये नायिका कॅटनिस आणि तिच्यासोबत खेळलेला पीटा एक जुनी टेप बघतात. त्यांचा मार्गदर्शक हेमिच पन्नासाव्या खेळात कसा जिंकला, त्याचं ते चित्रण. त्या वर्षी दर डिस्ट्रिक्टमधून दोनऐवजी चार मुलं उचलली होती, म्हणजे २४ च्या जागी ४८. टेपचं वर्णन थोडक्या पानांत संपतं. सोळा वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, तोच खेळ हेमिचच्या तोंडून सांगणारी पूर्वकथा आली. तिच्यात टेपमध्ये नसलेलं बरंच काही आहे: रिंगणाची यंत्रणाच बंद पाडण्याचा कट, पाण्याच्या टाकीचा स्फोट, खेळ सुरू होण्याआधीच मेलेली मुलगी आणि तिच्या जागी उभी केलेली तोतया. मुलीचं म्हणणं होतं की एवढं सगळं घडलं असतं तर कॅटनिसला ते दिसलंच असतं.

पूर्वकथेबद्दल वाचकांचा हा सगळ्यात सामान्य राग. तो शांत करायची घाई केली की सत्र वाया जातं. "तेच तर लेखिकेला सांगायचंय, टेप संपादित होती," असं मी एका वाक्यात म्हणाले असते तर मुलांनी माना डोलावल्या असत्या आणि विषय संपला असता. आरोप खरा की खोटा हे पुस्तकातूनच निघायला हवं होतं.

बारा मुलं होती, तिघातिघांचे चार गट केले. प्रत्येक गटाकडे दोन्ही पुस्तकं आणि एक मोठा कागद, कागदावर तीन रकाने. पहिल्यात टेपमध्ये काय दिसतं, दुसऱ्यात हेमिच काय सांगतो, तिसऱ्यात शेरा. शेरे तीनच: जुळतं, गाळलंय, विरोध. गटांना एकेक तुकडा वाटून दिला: निवडीचा दिवस, हेमिचच्याच डिस्ट्रिक्टमधल्या मेसिली डोनरशी युती, मेसिलीचा मृत्यू आणि कड्यावरचा शेवट. वेळ पंचवीस मिनिटं. प्रत्येक नोंदीपुढे प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले दोन-तीन शब्द लिहायचे. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे बदलतात, त्यामुळे नुसता पान क्रमांक लिहिला तर अर्धा वेळ पान शोधण्यात जातो.

या पद्धतीत दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, मुलं आठवणीतून लिहितात. 'कॅचिंग फायर'च्या २०१३ च्या चित्रपटात ही टेपच नाही, त्यामुळे ज्यांची आठवण चित्रपटावर उभी होती त्यांचा पहिला रकाना कोरा राहिला किंवा भलत्याच गोष्टींनी भरला. उपाय एकच, ओळीवर बोट ठेवल्याशिवाय नोंद करायची नाही.

दुसरी चूक जास्त बारीक आहे आणि तिच्यावरच त्या दिवशीची खरी चर्चा उभी राहिली. टेपमध्ये दिसणारी गोष्ट आणि ती बघताना कॅटनिसच्या मनात येणारी गोष्ट मुलं एकाच रकान्यात घालतात. शेवटचंच दृश्य घ्या. हेमिच जखमी अवस्थेत कड्याच्या टोकाशी पडलाय, डिस्ट्रिक्ट एकच्या मुलीने फेकलेली कुऱ्हाड त्याच्यावरून कड्याखाली जाते, खालच्या अदृश्य भिंतीवर आपटून परत येते आणि तिच्याच डोक्यात बसते. टेपमध्ये दिसतं एवढंच. हेमिचने कॅपिटॉलची भिंतच शस्त्र म्हणून वापरली, त्यात सत्ताधाऱ्यांची नाचक्की झाली, हे कॅटनिस आणि पीटा यांनी काढलेले अर्थ आहेत. आणि त्याच ठिकाणी पीटा आणखी एक गोष्ट बोलून दाखवतो: म्हणूनच हा भाग टीव्हीवर कधी पाहिल्याचं आपल्याला आठवत नसावं.

ही ओळ सापडली ती कड्याचा गट करणाऱ्या मुलाला. त्याने ती मोठ्याने वाचली आणि खोली शांत झाली. टीव्हीवर काय दाखवायचं हे कॅपिटॉल ठरवतं, ही शंका २००९ च्या पुस्तकातच होती. पूर्वकथेने ती नव्याने आणलेली नाही, तिच्यावर आख्खी इमारत बांधली आहे.

निवडीच्या दिवसाच्या गटाकडे सगळ्यात स्वच्छ पुरावा होता. टेपमध्ये हेमिचचं नाव पुकारलं जातं. पूर्वकथेत ते चिठ्ठ्यांच्या भांड्यातून निघतच नाही. चिठ्ठी निघते दुसऱ्या मुलाची. तो पळतो, शिपाई त्याला जागीच गोळी घालतात. त्या गोंधळात हेमिच आपल्या प्रेयसीला, लेनोर डव्हला, वाचवायला मध्ये पडतो आणि मेलेल्या मुलाची जागा भरायला त्यालाच उचललं जातं. मग प्रक्षेपणासाठी तो प्रसंग पुन्हा उभा करतात आणि त्याचं नाव रीतसर वाचलं जातं. गटाने आधी शेरा लिहिला होता 'विरोध'. मग एकीने विचारलं, "पण टेप म्हणजे तर हेच दुसऱ्यांदा केलेलं शूटिंग ना?" शेरा खोडून 'गाळलंय' झाला, तरी तिचं समाधान होईना. तिने चौथा शेरा मागितला: 'पुन्हा घडवलंय'. तो आम्ही यादीत घेतला. कापणं वेगळं आणि नवं घडवून दाखवणं वेगळं, हा फरक पंधराव्या वर्षी स्वतःहून हाताला लागणं ही मोठी गोष्ट आहे.

मेसिलीच्या दोन्ही गटांचं काम लवकर संपलं, कारण तिथे बहुतेक सगळं जुळतं. तीन जण हेमिचवर तुटून पडतात, दोघांना तो मारतो, तिसरा त्याचा गळा चिरणार तेवढ्यात मेसिलीचा विषारी बाण लागतो. पुढे गुलाबी पक्षी तिला टोचून मारतात आणि हेमिच तिचा हात धरून बसतो. दोन्ही पुस्तकांत घटना त्याच.

आता त्या मुलीच्या बाजूने. तिचे दोन मुद्दे तक्त्याने खोडले गेले नाहीत, आणि ते खोडावेत असं मला वाटतही नाही.

पहिला मुद्दा योगायोगांचा. बीटी, वायरेस, मॅग्ज, प्लूटार्क, एफी, कॅटनिसचे वडील: मूळ तीन पुस्तकांतली एवढी माणसं या एकाच कथेत हेमिचच्या वाटेत येतात. काहींचं येणं पटतं. जुने विजेते मार्गदर्शक म्हणून येणारच. पण सगळ्यांची मोट बांधल्यावर ते जग लहान वाटायला लागतं. २०२० च्या 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स'मध्ये हा ताण कमी आहे. ती कथा मूळ मालिकेच्या ६४ वर्षं आधीची, म्हणून ओळखीच्या माणसांतला मुख्य उरतो तो अठरा वर्षांचा स्नो, मूळ मालिकेतला राष्ट्राध्यक्ष. हेमिचची कथा फक्त २४ वर्षं आधीची. जवळच्या काळातल्या पूर्वकथेत ओळखीचे चेहरे टाळणं अवघड, आणि त्यांचा मोहही मोठा.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा. 'मॉकिंगजे'मध्ये हेमिच स्वतः कॅटनिसला सांगतो की विजयानंतर दोन आठवड्यांत त्याची आई, धाकटा भाऊ आणि प्रेयसी गेली, आणि कारण होतं त्याने त्या अदृश्य भिंतीचा केलेला वापर. पूर्वकथेत मात्र कॅपिटॉलला त्याच्यावर सूड उगवायला त्याहून कितीतरी मोठी कारणं आहेत. "इथे टेप नाहीये," मुलगी म्हणाली, "इथे तो स्वतः बोलतोय. त्याचं बोलणं कुणी एडिट केलं?"

प्रश्न अचूक होता. गटात दोन तट पडले. एक म्हणे हेमिचने अर्धंच सांगितलं, कारण उरलेलं सांगायची त्याची हिंमत नव्हती. दुसरं म्हणे २०१० मध्ये लेखिकेच्या डोक्यात टाकीचा स्फोट नव्हताच. मला दोन्ही खरं वाटतं आणि मी तसं सांगितलं. लेखिकेने नंतर भर घातली आहे, हे मान्य करायला हरकत नाही. ती भर आधीच्या शब्दांना मोडते की त्यांच्या आत मावते, एवढं तपासायचं. हेमिचचं ते वाक्य खोटं ठरत नाही, अपुरं ठरतं. दारूत बुडालेल्या, पाव शतक कुणाशी धड न बोललेल्या माणसाने अपुरं सांगणं मला पटतं. त्या मुलीला त्या दिवशी पटलं नाही. शेरा 'विरोध' असाच राहिला, मी तो बदलायला लावला नाही.

मी तयार करून नेलेली चर्चा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमवर होती. मूठभर लोक असंख्यांवर इतक्या सहज राज्य कसं करतात, याचं आश्चर्य व्यक्त करणारं त्याचं वाक्य पुस्तकाच्या आरंभी आहे, आणि उद्या सूर्य उगवणार नाही हेही कल्पनेत बसतं असं सांगणारं दुसरंही. सुरुवात ह्यूमपासून केली असती तर मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं असतं. तक्ता भरल्यावर वाचलं तेव्हा एक मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे रोज तेच दाखवलं की तेच होणार असं वाटायला लागतं." इतक्या नेमक्या वाक्यावर मी काही जोडलं नाही.

ज्यांना हे सत्र घ्यायचंय त्यांच्यासाठी क्रम सांगते: मूळ तीन पुस्तकं आधी, मग 'बॅलड', मग 'सनराइज'. कालक्रमाने वाचायचा आग्रह काही मुलं धरतात, पण टेप आधी पाहिली नसेल तर पूर्वकथेतली काटछाट दिसतच नाही, आणि हा तक्ता भरता येत नाही. नव्वद मिनिटांत चार तुकडे पुरेसे, पाचवा घेऊ नका. मृत्यूची वर्णनं मोठ्याने वाचायची सक्ती कुणावर करू नका. हेमिचच्या घरच्यांचं आणि लेनोर डव्हचं जे होतं ते वाचताना त्या दिवशीही दोघांनी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

सत्र संपल्यावर कागद गुंडाळताना सगळ्यात कमी बोललेला मुलगा 'मॉकिंगजे'चं शेवटचं प्रकरण उघडून माझ्याकडे आला. तिथे कॅटनिस आणि पीटा गेलेल्यांच्या आठवणींचं पुस्तक तयार करतात आणि हेमिच त्यात तेवीस वर्षांत गेलेल्या मुलांची भर घालतो, ज्यांना त्याने मार्गदर्शक म्हणून मरणाकडे पाठवलं त्यांची. मुलाने कागदाच्या कडेला हिशेब केला होता: एक्कावन्नाव्या खेळापासून त्र्याहत्तराव्यापर्यंत, तेवीस. "यात पन्नासावं नाही येत," तो म्हणाला, "त्याचं स्वतःचं."

ती मुलगी दारातून परत फिरली. तिने आपलं पुस्तक घेतलं, उपसंहार उघडला, जिथे म्हातारा होत चाललेला हेमिच त्याच आठवणींच्या पुस्तकाबद्दल बोलतो, आणि खाली बसून ती दोन पानं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.