गुलमर्गच्या वादळी दिवसांसाठी स्की पँट: या मोसमाची नोंद

सध्याची स्थिती: यादी आता एकाच प्रकारावर येऊन थांबली आहे. थ्री-लेयर शेल (बाहेरचं कापड, पाणी अडवणारा पातळ पडदा म्हणजे मेंब्रेन आणि आतलं कापड एकत्र चिकटवलेलं), आत भराव नाही, सगळ्या शिवणींना आतून पाणीरोधक टेप, मांडीला लांब झिप आणि लेबलवर पाणी अडवण्याच्या क्षमतेचा २०,००० मिमीच्या आसपासचा आकडा. ऊब देण्याचं काम आतल्या थर्मलचं, पँटचं नाही. या निवडीमागचा हिशेब खाली टप्प्याटप्प्याने देत आहोत.

सप्टेंबर: कशासाठी हवी ते आधी

गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखराची थंडी डोळ्यांसमोर ठेवून जाड भरावाची पँट घ्यायची, ही नेहमीची पद्धत. पण जोराचं बर्फ आणि वारा सुरू झाला की गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, वरचा दुसरा टप्पा बंद राहतो. ३,९०० मीटरांच्या वरून सुरू होणाऱ्या उतारांवरचं ते कोरडं, हलकं बर्फ त्या दिवशी मिळतच नाही. सगळे जण कोंगदूरीच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या वरच्या स्थानकाच्या, खालच्या झाडीत उतरतात. गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरांवर आहे आणि बाबारेशी-तंगमर्गकडे उतरलं तर आणखी खाली. तिथे तापमान शून्याजवळ असतं, बर्फ ओलं आणि जड असतं आणि झाडावरचं वितळून अंगावर पडतं. वादळी दिवसाची पँट उणे पंधरासाठी नव्हे, उणे एक-दोनच्या ओलीसाठी निवडायची. नेमकं हेच उलटं केलं जातं.

ऑक्टोबर: मिमीचा आकडा

१०,००० मिमी म्हणजे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. ७० किलोचा माणूस ओल्या खुर्चीवर बसला तर सरासरी दाब याच्या दहाव्या भागाइतकाही भरत नाही. बसण्याच्या हाडांखाली तो काही पट वाढतो, तरी १०,००० पुरतो. गुडघा टेकला की मात्र गणित बदलतं: अर्धं वजन, म्हणजे ३५ किलो, चाळीसेक चौरस सेंटिमीटरवर आलं की दाब ९,००० मिमीच्या जवळ पोचतो. नव्या पँटला तेही झेपतं. दोन मोसम घासलेल्या पँटला झेपेलच असं नाही, म्हणून २०,००० घ्यायची. त्यापुढच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

बसण्याच्या जागेतून पाणी आलं तर संशय आधी शिवणीवर घ्यावा. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरतं. ‘क्रिटिकली टेप्ड’ लिहिलेल्या पँटमध्ये फक्त मोजक्या शिवणींना टेप असतो. आपल्याला ‘फुल्ली टेप्ड’ हवी. पँट उलटी करून दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी जिथे मिळतात त्या चौफुलीवर बोट फिरवा. टेप तिथेच आधी सुटतो. कडेला नख अडकत असेल तर ती पँट परत ठेवा.

नोव्हेंबर: ब्रीदेबिलिटी, आणि मुंबईत ती का कळत नाही

ब्रीदेबिलिटी म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडण्याची क्षमता. लेबलवरचे तिचे ग्रॅमचे आकडे (किती वाफ बाहेर जाते) दोन कंपन्यांमध्ये ताडून बघू नका. एकाच कापडाला उभ्या कपाच्या चाचणीत एक आणि उलट्या कपाच्या चाचणीत कितीतरी मोठा आकडा मिळतो. आरईटी, म्हणजे वाफेला कापडाचा होणारा विरोध, दिलेला असेल तर तो बघा. तो जितका कमी तितकं चांगलं, ६ च्या खाली उत्तम.

घरी घालून जिने चढून बघण्यातूनही काही कळत नाही. वाफ बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या कातडीजवळ हा दाब ५ किलोपास्कलच्या आसपास असतो. मुंबईत ३० अंश आणि ८५ टक्के दमट हवेत बाहेरही ३.६ असतो, म्हणजे फरक दीडच्या आत. गुलमर्गला उणे ५ मध्ये बाहेर फार तर ०.४, म्हणजे फरक साडेचारच्या वर. इथे गुदमरणारी पँट तिथे नीट चालू शकते.

तरी चढताना किंवा पावडरमध्ये (ताज्या भुसभुशीत बर्फात) धडपडताना कुठलंही मेंब्रेन एकटं पुरत नाही, म्हणून मांडीची झिप हवीच. आतल्या बाजूची, जाळी लावलेली झिप वादळात बरी, कारण पडलं तरी बर्फ थेट आत भरत नाही. बाहेरच्या बाजूची लांब झिप हवा जास्त खेळवते, पण जाळी नसेल तर लिफ्टच्या रांगेत आठवणीने बंद करावी लागते. कोटिंगच्या झिप पाणी बऱ्यापैकी रोखतात, पण पूर्ण अडवत नाहीत. वर कापडी पट्टी असेल तर उत्तम.

नवशिक्याचं गणित वेगळं. उताराच्या पायथ्याशी तासन्‌तास उभं राहायचं, मध्येच बर्फात बसायचं, घाम कमी. त्याला टू-लेयर, अस्तर आणि ४०-६० ग्रॅम भरावाची स्वस्त पँट चालते. भाड्याची घेत असाल तर आतला टेप तपासूनच घ्या.

डिसेंबर: मापं आणि खालचं टोक

पँट थर्मल आणि स्की बूट घालूनच मापायची. बुटांत गुडघे पूर्ण वाकवून बसा: कंबर मागे उघडी पडली तर माप चुकलं. पावडरमध्ये पडणाऱ्यांना बिब (छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट) घ्यायला सांगतो, कारण कंबरेतून बर्फ शिरत नाही. महिलांनी मागून उघडणारी ड्रॉप-सीट झिप बघावी. खाली गेटरचं (पायाच्या टोकाशी आत शिवलेल्या, बर्फ अडवणाऱ्या बाहीचं) रबर बुटाच्या बकलांवरून खाली घट्ट बसायला हवं. घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचा ठिगळासारखा पट्टा असतो. तो नसेल तर स्कीची धार पहिल्याच आठवड्यात कापड कापते.

जानेवारी-फेब्रुवारी: ओल कुठे दिसते, त्यावरून दोष

रेषेत ओल असेल तर टेप गेला. गुडघ्यावर गोल डाग पडला तर मेंब्रेन झिजलं. घोट्याजवळ ओल आली तर गेटर सुटला. मांड्यांवर सगळीकडे सारखा दमटपणा असेल तर तो बहुतेक घामच. अशा वेळी बाहेरचं कापड बघा: थेंब गोळा होऊन घरंगळतात, की कापड गडद होऊन पाणी पितं? पीत असेल तर डीडब्ल्यूआर, म्हणजे कापडावरचं पाणी झटकणारं फिनिश, संपलं आहे. वर पाण्याचा पापुद्रा बसला की वाफेचा रस्ता बंद होतो आणि ‘पँट गळते’ अशी तक्रार येते.

हॉटेलात बुखारीला (लाकडाच्या शेगडीला) चिकटून पँट वाळत घालू नका. टेपचा गोंद सैल होतो, नायलॉन वितळतं. हातभर लांब, कंबरेकडून टांगा.

मार्च: धुणं

झिप बंद, ३० अंश, टेक वॉश (वॉटरप्रूफ कपड्यांचा खास साबण), दोनदा खळबळणं. सॉफ्टनर अजिबात नको, साध्या धुण्याच्या पावडरचा अंश राहिला तरी कापड पाणी ओढतं. स्पिन टाळा, कारण वॉटरप्रूफ कापडात पाणी अडकून ड्रमचा तोल जातो. डीडब्ल्यूआर उष्णतेने पुन्हा जागं होतं. आपल्याकडे ड्रायर क्वचितच असतो, तेव्हा लेबल परवानगी देत असेल तर सुकलेल्या पँटवर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा, वाफ बंद. तरी थेंब घरंगळत नसतील तर स्प्रे मारा. फ्लोरिनविरहित नव्या फिनिशवर तेल आणि सनस्क्रीन लवकर बसतं, त्यामुळे त्या पँट जास्त वेळा धुवाव्या लागतात.

बाकी काम: पावसाळा

कोकण-मुंबईच्या दमट उन्हाळ्या-पावसाळ्यात पीयू (पॉलियुरेथेन) मेंब्रेन आणि टेपचं हायड्रॉलिसिस, म्हणजे ओलाव्याने विघटन, होतं. ते चिकट होतात, मग खपल्या सुटतात. टू-पॉइंट-फाइव्ह लेयर पँट (आत कापडाऐवजी नुसता पातळ थर असलेल्या) सगळ्यात आधी जातात. धुऊन पूर्ण सुकवलेली पँट घडी न घालता सुती पिशवीत टांगायची, सोबत सिलिका जेल, आणि ऑगस्टमध्ये पाकिटं बदलून टेप पुन्हा तपासायचा.